छेद शून्य झाला की उभी रेषा मारू नका

परिमेय फलाचा (एक बहुपदी भागिले दुसरी बहुपदी अशा फलाचा) प्रांत, म्हणजे क्ष च्या चालणाऱ्या किमती, काढताना फारसं कुणी चुकत नाही. छेद शून्याबरोबर मांडायचा, येतील त्या किमती वगळायच्या. चूक होते ती पुढे, वगळलेल्या प्रत्येक किमतीवर डोळे मिटून उभी तुटक रेषा मारली जाते तेव्हा. त्या जागी अनंतस्पर्शी रेषा (वक्र जिच्या अधिकाधिक जवळ सरकत अनंताकडे जातो ती) असेल किंवा नुसतं छिद्र असेल, आणि दोन्हींचे आलेख अगदी वेगळे दिसतात.

हे फल घ्या: य = (क्ष² − क्ष − २)/(क्ष² − ४). अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष + १) भागिले (क्ष − २)(क्ष + २). प्रांतातून २ आणि −२ दोन्ही बाहेर. आता (क्ष − २) छाटा, उरतं (क्ष + १)/(क्ष + २).

−२ जवळ जाऊन पाहा. क्ष = −२.०१ ला किंमत १०१, −१.९९ ला −९९. वक्र एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली सुटतो. ही खरी अनंतस्पर्शी रेषा. २ जवळ मात्र १.९९ ला सुमारे ०.७४९, २.०१ ला सुमारे ०.७५१. वक्र शांतपणे पुढे जातो, फक्त (२, ३/४) हा एक बिंदू गायब. तिथे पोकळ वर्तुळ काढायचं. त्याची उंची छाटून उरलेल्या राशीत २ घालून मिळते. मूळ राशीत घातलं तर ०/० येतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. अंश शून्य नसून छेद शून्य आला, तर मात्र अनंतस्पर्शी रेषा नक्की.

‘जो अवयव छाटला गेला तिथे छिद्र’ हा पाठ केलेला नियमही अर्धवट आहे. (क्ष − २)/(क्ष − २)² मध्ये एकदा छाटूनही छेदात (क्ष − २) उरतोच, म्हणून तिथे अनंतस्पर्शी रेषा. उलट (क्ष − २)²/(क्ष − २) मध्ये (२, ०) वर छिद्र आहे, आणि वक्र तिथे क्ष-अक्षाला छेदतो असं लिहिलं तर ते चूक. छाटून झाल्यावर छेदात काय उरलं, तेवढंच बघा.

सगळ्यात खटकते ती एक सवय: आधी छाटायचं, मग प्रांत काढायचा. (क्ष² − ४)/(क्ष − २) = क्ष + २ असं लिहून थांबणं चूकच; शेजारी ‘क्ष ≠ २’ हवं. प्रांत नेहमी मूळ राशीवरून काढावा.

आडवी अनंतस्पर्शी रेषा सोपी. अंश-छेदाच्या कोटी (सर्वांत मोठे घातांक) समान असल्या तर अग्रसहगुणकांचं, म्हणजे त्या सर्वांत मोठ्या घाताच्या पदांच्या सहगुणकांचं, गुणोत्तर घ्यायचं; आपल्या पहिल्या फलात य = १. त्याचेच अक्षांवरचे छेदबिंदू (−१, ०) आणि (०, १/२).

आलेख काढणाऱ्या ॲपवर विसंबून राहू नका. एकच बिंदू गाळलेला पडद्यावर बहुधा दिसत नाही, रेषा सलग वाटते. अवयव आधी कागदावर पाडा, पडदा मग बघा.