जॉर्ज नॉरिस : एका ठरावापासून टेनेसीच्या धरणांपर्यंत

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी २० जानेवारीला होतो, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. १९३३ सालापर्यंत तो ४ मार्चला होत असे. नोव्हेंबरात मतदारांनी घरी बसवलेले खासदारही तोवर खुशाल कायदे करत राहायचे. ही तारीख अलीकडे आणणारी विसावी घटनादुरुस्ती, टेनेसी खोऱ्यातली सरकारी धरणं आणि नेब्रास्का राज्याचं एकाच सभागृहाचं विधिमंडळ, या तिन्हींच्या मुळाशी जॉर्ज विल्यम नॉरिस हे नाव सापडतं.

नॉरिस यांचा जन्म १८६१ साली ओहायोतल्या शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना वडील गेले. त्याच सुमारास थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. मास्तरकी करत ते कायदा शिकले, १८८५ मध्ये नेब्रास्कात वकिलीला गेले आणि पुढे जिल्हा न्यायाधीश झाले. १९०३ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधिगृहात पोचले, तेव्हा त्यांच्यात बंडखोरीचं काही लक्षण नव्हतं.

प्रतिनिधिगृह तेव्हा सभापती जोसेफ कॅनन यांच्या मुठीत होतं. कोण कुठल्या समितीवर जाणार ते कॅनन ठरवत. कुठलं विधेयक चर्चेला येणार हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. विरोधात गेलेल्या सदस्याची विधेयकं मग समितीत कुजत पडत. नॉरिस यांनी सभापतींना या समितीतून वगळणारा ठराव लिहून ठेवला होता, पण तो मांडायचा कसा? कुठलाही ठराव पटलावर येण्याची वाट त्याच समितीतून जात होती.

मार्च १९१० मध्ये कॅनन यांनीच त्यांना वाट करून दिली. जनगणनेविषयीचा एक प्रस्ताव त्यांना मधेच घुसवायचा होता. जनगणना घटनेत सांगितलेली आहे, म्हणून या विषयाला अग्रक्रम आहे, असा त्यांचा पवित्रा होता. १७ मार्चला नॉरिस उठले आणि म्हणाले, सभागृहाने आपले नियम आपण करावेत हेही घटनेतच सांगितलं आहे, तेव्हा माझ्या ठरावालाही तोच अग्रक्रम मिळायला हवा. कॅनन यांचं शस्त्र त्यांच्यावरच उलटलं. रात्रभर वादावादी चालली. बंडखोर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र आले, सभापतींचा निर्णय सभागृहाने फिरवला आणि १९ मार्चला १९१ विरुद्ध १५६ मतांनी ठराव मंजूर झाला. माझ्या मते नॉरिस यांच्या पुढच्या राजकारणाचं सगळं बीज या तीन दिवसांत आहे: भाषणापेक्षा नियमावलीवर भिस्त, आणि संधी येईपर्यंत थांबायची तयारी.

१९१३ मध्ये ते सिनेटमध्ये गेले. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरायला विरोध करणाऱ्या अवघ्या सहा सिनेटरांपैकी ते एक होते. आपण राष्ट्रध्वजावर डॉलरचं चिन्ह उमटवायला निघालो आहोत, असं ते सभागृहात म्हणाले आणि देशभर त्यांच्यावर गद्दारीचे आरोप झाले. त्याआधी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक रोखून धरल्याबद्दल टीकेची झोड उठली होती, तेव्हा त्यांनी नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जाहीर सभा घेऊन मतदारांना सगळं समजावून सांगितलं होतं. १९१८ मध्ये लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. ते सरसकट युद्धविरोधी मात्र नव्हते; १९४१ मध्ये त्यांनी दुसऱ्या महायुद्धात उतरायच्या बाजूने मत दिलं.

स्वपक्षीयांना ते नकोसे झाले, यात नवल नाही. १९२८ मध्ये त्यांनी डेमोक्रॅट उमेदवार अल स्मिथ यांना उघड पाठिंबा दिला. त्यावर १९३० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत विरोधकांनी जे केलं, ते आपल्याकडच्या मतदारांना चांगलंच ओळखीचं वाटेल. ब्रोकन बो गावातला जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस नावाचाच एक किराणा दुकानदार त्यांनी उभा केला! मतपत्रिकेवर दोन सारखी नावं आली असती, तर मतं कोणाची हे ठरवणंच मुश्कील झालं असतं. सुदैवाने दुकानदाराचा अर्ज मुदतीनंतर पोचला आणि बाद झाला. १९३६ मध्ये खरे नॉरिस अपक्ष म्हणून लढले आणि जिंकले.

त्यांचं सर्वांत लांबलेलं भांडण टेनेसी नदीचं. पहिल्या महायुद्धात अलाबामातल्या मसल शोल्स इथे सरकारने दारूगोळ्यासाठी नायट्रेटचे कारखाने आणि धरण उभारायला घेतलं. युद्ध संपल्यावर हेन्री फोर्ड यांनी ते सगळं मागितलं. सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष असलेल्या नॉरिस यांनी ते होऊ दिलं नाही. नदीची वीज लोकांची, हा त्यांचा हेका होता. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२८ मध्ये त्यांचं विधेयक सही न करता तसंच मरू दिलं, त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी १९३१ मध्ये नकाराधिकार वापरला. अखेर १८ मे १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी सही केली आणि टेनेसी व्हॅली अथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, जन्माला आली. तिच्या पहिल्या धरणाला नॉरिस यांचंच नाव दिलं गेलं. त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. धरणग्रस्त होणं म्हणजे काय, हे कोयनेकाठच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

हा धागा भारतापर्यंत येतो. १९४३ च्या पुरानंतर दामोदर नदीसाठी टीव्हीएच्या धर्तीवर योजना आखायचं ठरलं. ती करायला व्होर्डुइन हे टीव्हीएचेच अभियंते आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीजही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. जानेवारी १९४५ मधल्या कोलकात्याच्या दामोदर परिषदेचे ते अध्यक्ष होते. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन १९४८ मध्ये स्थापन झालं.

बाकीची कामंही लहान नव्हती. संपाविरुद्ध न्यायालयीन मनाईहुकूम काढण्यावर बंधनं घालणारा १९३२ चा नॉरिस–ला गार्डिया कायदा त्यांचा, खेड्यांत वीज नेणाऱ्या १९३६ च्या कायद्यातही त्यांचा हात. १९३४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या नॉरिस यांनी नेब्रास्काभर मोटारीने फिरून दुसरं सभागृह बंद करण्याचा प्रचार केला. दोन सभागृहांच्या संयुक्त समितीत बंद दाराआड खरे निर्णय होतात आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदारांना ते पटलं. १९३७ पासून तिथे एकच सभागृह आहे आणि मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष लिहीत नाहीत.

१९४२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते सिनेटच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार केनेथ व्हेरी यांच्याकडून हरले. १९४४ मध्ये नेब्रास्कातल्या मॅकूक इथे वारले. १९५७ मध्ये जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इतिहासातले पाच थोर सिनेटर निवडायला घेतले, तेव्हा अभ्यासकांच्या पसंतीत नॉरिस सर्वांत वर होते. पण नेब्रास्काच्याच तेव्हाच्या सिनेटरांनी विरोध केला आणि त्यांचं नाव यादीतून गळालं.