लक्षणा

शब्दाचा सरळ अर्थ वाक्यात बसेना झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ देणारी शब्दशक्ती. ठाणे स्थानकाच्या पुलावर कोणीतरी ओरडतो, ‘दहावर वाशी लागलीय!’ वाशी हे खाडीकाठचे उपनगर. ते फलाटाला लागत नाही. तरी ऐकणारा न अडखळता जिना उतरतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ठाणे–वाशी मार्गावर हे बोलणे रोजचेच.

काश्मीरचा काव्यशास्त्रकार मम्मट (११वे शतक) ‘काव्यप्रकाश’मध्ये तीन अटी घालतो: मुख्यार्थाचा बाध (सरळ अर्थ आड येणे), मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन (तसे बोलण्यामागचा खास हेतू). ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळीवाडा, हे शास्त्रातले ठरलेले उदाहरण. प्रवाहात वस्ती होत नाही, म्हणून गंगा म्हणजे तीर. पण ‘गंगा’ म्हटल्याने गारवा आणि पावित्र्यही सुचते. वाशीच्या बाबतीत असले काव्य नाही. तिथे निव्वळ रूढी, आणि घाई.

खरा वाद बाध कशाचा, यावर आहे. शब्दांचा आपसात मेळ बसत नाही तो बाध, असे एक मत. १७व्या शतकातल्या विश्वनाथाचा ‘भाषापरिच्छेद’ हा न्यायशास्त्राचा (तर्काच्या शास्त्राचा) ग्रंथ मात्र तात्पर्यावर, म्हणजे बोलणाऱ्याच्या हेतूवर, बोट ठेवतो. ‘कावळ्यांपासून दही राख’ या वाक्यात मेळ कुठेच बिघडत नाही. तरी मांजराला दही चाटू देणारा मुलगा आज्ञाधारक ठरत नाही. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात वाळत घातलेल्या सुकटीचेही तेच. ‘कावळ्यांवर लक्ष ठेव’ सांगून गेलेली आजी, कुत्र्याने तोंड घातल्यावर काय बोलेल ते कळायला न्यायशास्त्र लागत नाही.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ च्या हार्वर्डमधील व्याख्यानांत हेतूलाच मध्यभागी आणले: समोरचा संभाषणाला धरून बोलतो आहे, असे गृहीत धरून ऐकणारा न बोललेले ताडतो. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री ननबर्ग यांच्या उदाहरणातला वेटर हॅम सँडविच मागवणाऱ्या गिऱ्हाइकाचा उल्लेखच ‘हॅम सँडविच’ असा करतो. आपल्याकडे ‘चार नंबर बिल मागतोय’. फरक असा, की ग्राइस हे काम ऐकणाऱ्याच्या तर्कावर सोपवतात आणि मम्मट ते शब्दाची शक्ती म्हणून मोजतो.

मग खरेखोटे कशाचे पाहायचे? तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांनी १९३३ मध्ये सत्याची व्याख्या आकारिक, म्हणजे गणित-तर्कासाठी काटेकोर नियमांनी बांधलेल्या, भाषांपुरती केली; रोजची बोली त्यांनी बाहेर ठेवली. फलाटावर निकाल लवकर लागतो. दहावरची गाडी पनवेलची निघाली, तुर्भ्यानंतर जुईनगरकडे वळली, तर ओरडणारा खोटा ठरतो. वाशी होती तिथेच आहे, हा बचाव कोणी ऐकून घेत नाही.