मनगटावरची स्प्रिंग

चहाचा कप डाव्या हाताने उचलायची सवय मला दोन वर्षांपूर्वी लागली. कामावर पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं उजव्या हाताची बोटं स्वतःची वाटतच नसत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मनगटापासून कोपरापर्यंत ठसठस चालायची, हेल्मेटचा पट्टा सोडवताना अंगठा थरथरायचा. वाईहून शिरवळला मी रोज मोटारसायकलने जातो. सुरूर फाट्याला महामार्गाला लागायचं, वेळे गाव मागे टाकून खंबाटकीच्या बोगद्यात शिरायचं, पुढे सातारा जिल्ह्यातलंच खंडाळा आणि मग शिरवळ. परतताना बोगद्याऐवजी खंबाटकीचा घाट. एका बाजूचं अंतर पस्तीसेक किलोमीटर. डाव्या हाताला मात्र कधीच काही झालं नाही. तोच रस्ता, तेच हँडल, तेवढेच धक्के. मग उजव्यालाच का?

एका सहकाऱ्याने थ्रॉटल लॉक बसवायला सांगितलं. ॲक्सिलरेटरच्या मुठीपाशी बसणारी छोटीशी वस्तू. हवी तेवढी मूठ पिळायची, लॉक दाबायचा, की मूठ तिथेच थांबते आणि हात मोकळा होतो. ऐकायला सोपं आहे. पण ती वस्तू नेमकं काय धरून ठेवते, हे समजून न घेता ती लावणं धोक्याचं आहे, आणि समजून घेतलं तर मनगटाचं अर्धं दुखणं ती विकत घेण्याआधीच कमी होऊ शकतं. माझं तसंच झालं.

आपण मूठ पिळतो तेव्हा पोलादी तारेची केबल ओढली जाते आणि इंजिनच्या तोंडाशी असलेली हवेची झडप उघडते. बाहेरून नळी आणि आतून सरकणारी तार, ही रचना अर्नेस्ट बॉडेन यांच्या १८९६च्या पेटंटमधली. तिचं मूळ रूप अजून फारसं बदललेलं नाही. झडपेपाशी एक स्प्रिंग असते. मूठ सोडली की ती झडप बंद करते. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या मुठीला घर्षण वाढवणारा एक छोटा स्क्रू असायचा. तो आवळला की मूठ सोडली तरी जागची हलत नसे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या, इंजिनच्या गाड्यांवरही असा स्क्रू होता. पुढे सुरक्षेच्या दृष्टीने मूठ आपोआप परत यायलाच हवी असा आग्रह वाढला. चालक पडला, बेशुद्ध झाला किंवा दचकून त्याचा हात सुटला, तर इंजिनाने ओढणं थांबवलंच पाहिजे. ती स्प्रिंग आपल्या जिवाची राखण करते. तिची किंमत उजवा हात मोजतो, कारण गाडी चालू असेपर्यंत तिच्याशी लढत राहण्याचं काम त्याच्याकडे असतं.

ही लढाई दिसते त्याहून मोठी असते. समजा, मुठीच्या रबरावर मोजलं तर स्प्रिंगची ओढ दीड किलोइतकी भरली. सामान तोलायचा ताणकाटा आणि मुठीला गुंडाळलेली दोरी वापरून हे घरीही मोजता येतं. दीड किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण मुठीला धरायला दांडा नसतो. गोल रबर फिरवायचं तर ते दाबावं लागतं, आणि दाबातून जेवढं घर्षण मिळेल तेवढंच बळ फिरवायला मिळतं. तळहात आणि रबर यांच्यातला घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, ०.५ धरला, तर दीड किलोची ओढ पेलायला तीन किलोंनी आवळावं लागतं. पावसात हातमोजा ओला होऊन घर्षणांक ०.३वर आला, तर तीच मूठ पाच किलोंनी आवळावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये माझा हात जास्त का दुखायचा, याचं उत्तर मला या साध्या भागाकारात मिळालं. तोवर मी थंडीला आणि ओलीला दोष देत होतो.

धडधाकट पुरुषाच्या मुठीची कमाल पकड साधारण चाळीस किलोच्या आसपास असते. तिच्यापुढे तीन किलो किरकोळ. पण इथे किती जोर लावला यापेक्षा तो किती वेळ सलग लावला, याला महत्त्व आहे. स्नायू आखडतो तेव्हा त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, सैल पडतो तेव्हा रक्त पुन्हा वाहतं. चालताना पोटऱ्या दर पावलाला आखडतात आणि सैल पडतात, म्हणून वारकरी दिवसभर चालू शकतो. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरली, तर तोच माणूस दोन मिनिटांत टेकीला येतो. जर्मन संशोधक वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० साली अशा स्थिर ताणाचा अभ्यास मांडला. कमाल ताकदीच्या साधारण पंधरा टक्क्यांच्या खालचा ताण स्नायू फार वेळ पेलू शकतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरच्या अभ्यासांनी ही मर्यादा बरीच खाली आणली. तासभर सलग धरायचं असेल, तर दहा टक्क्यांखालचा ताणही थकवतो. तीन किलो म्हणजे सात-आठ टक्के, पाच किलो म्हणजे बारा-तेरा. आणि हा झाला कागदावरचा किमान आकडा. ट्रक शेजारून घासून गेला की आपण किती घट्ट धरतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

डाव्या हाताला ही स्प्रिंग नाही. तो क्लच ओढतो, सोडतो, मध्ये बोटं उघडतो. म्हणून पुण्यातल्या गर्दीत डावा हात दुखतो आणि मोकळ्या महामार्गावर उजवा.

आता बधिरपणाचं बघू. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू, मीडियन, असे दाटीवाटीने जातात. मनगट मागे वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो, आणि मूठ पिळलेली ठेवायची तर आपण नेमकं मनगटच वाकवून ठेवतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग या मज्जातंतूच्या अखत्यारीत येतात. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग अल्नर नावाच्या दुसऱ्या मज्जातंतूकडे असतो. तो तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जातो, म्हणून हँडलवर अंगाचा भार टाकून बसणाऱ्याची करंगळी बधिर होते. कोणतं बोट झोपतं यावरून दुखण्याचं मूळ बरंचसं कळतं. रात्री झोपेतून उठवणारा किंवा गाडी बंद ठेवूनही न जाणारा बधिरपणा असेल, तर मात्र वस्तू शोधत बसू नये, डॉक्टरांना हात दाखवावा.

त्यात भर पडते कंपनाची. एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरत असेल, तर हँडलला सेकंदाला ८३ हिसके बसतात. सततचं कंपन हाताचं काय करतं, हे १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड इथे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी हवेच्या हातोड्यांनी चुनखडी कापणाऱ्या कामगारांवरून दाखवून दिलं. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत. रोजच्या मोटारसायकलस्वारावर तेवढी वेळ येत नाही, तरी जपानमध्ये मोटारसायकलवर फिरणाऱ्या वाहतूक पोलिसांच्या हातांची तपासणी करण्याइतका हा प्रश्न गंभीर मानला गेला. मूठ जितकी घट्ट, तितकं जास्त कंपन हातात उतरतं. म्हणजे स्प्रिंगमुळे आवळलेली मूठ दुहेरी त्रास देते.

थ्रॉटल लॉकचं काम इथे सुरू होतं. त्याचे प्रकार बरेच आहेत. मूठ आणि स्विचच्या डबीच्या मध्ये चिकटवायचं रबरी कडं, हँडलच्या टोकाच्या वजनाजागी बसणारं फिरतं चाक, किंवा मुठीच्या प्लॅस्टिक नळीला कवटाळून बसणारी आणि बटण दाबलं की स्विचच्या डबीवर टेकणारी घर्षणपट्टी. सगळ्यांमागचं विज्ञान एकच. फिरणारा भाग स्थिर भागाला घासवायचा. हे घर्षण स्प्रिंगपेक्षा जास्त हवं, नाहीतर मूठ सरकेल. आणि हाताच्या जोरापेक्षा खूपच कमी हवं, म्हणजे लॉक न सोडताही मूठ मागे फिरवली तर ती निमूट फिरेल. या दोन मर्यादांमधली जागा पुरेशी रुंद आहे, म्हणूनच ही वस्तू चालते. पण उन्हाने मऊ पडलेलं रबर, चिखल आणि आवळलेला स्क्रू ती जागा खाऊन टाकतात. खिळ्यासारखा अडकणारा, मधली पायरी नसलेला लॉक मी कोणालाही सुचवणार नाही.

लॉकची एक भाऊबंद वस्तू आहे. मुठीवर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी, जिच्यावर तळहात टेकतो. ती काहीच धरून ठेवत नाही, फक्त तरफेचं काम करते. मुठीची त्रिज्या साधारण १६ मिलिमीटर. तळहात केंद्रापासून ५५ मिलिमीटरवर टेकला, तर दीड किलोच्या ओढीला साडेचारशे ग्रॅम पुरतात. माणसाच्या पंजाचं वजन जवळपास तेवढंच असतं. म्हणजे मूठ आवळायचीच गरज उरत नाही, हाताचा भारच स्प्रिंगला तोलून धरतो. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो. दोष एवढाच, की खड्ड्यात आदळल्यावर किंवा घाईने ब्रेककडे बोटं नेताना तळहात नकळत पट्टीवर दाबला जाऊ शकतो आणि गाडी नको त्या क्षणी पुढे झेपावते. गर्दीच्या रस्त्यावर म्हणून ती वळवून ठेवावी.

पुष्कळ जण थ्रॉटल लॉकला क्रूझ कंट्रोल म्हणतात. ही चूक महागात पडू शकते. क्रूझ कंट्रोल वेग धरतो. राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याला त्याचं पेटंट १९५० साली मिळालं. ते लहानपणापासून अंध होते आणि दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर वेगातला प्रत्येक हिसका त्यांना जाणवायचा. १९५८ साली क्रायस्लरने ती यंत्रणा मोटारींत आणली. तिच्यात वेग मोजला जातो, ठरवलेल्या वेगाशी ताडला जातो आणि फरकानुसार झडप कमी-जास्त उघडली जाते. केबलऐवजी विजेच्या मोटरने झडप हलवणाऱ्या मोटारसायकली आल्यावर हे दुचाकीवरही सोपं झालं. भारतात २०२५ साली हीरो ग्लॅमर एक्ससारख्या १२५ सीसीच्या गाडीवरही ते आलं. थ्रॉटल लॉकला वेग कळतच नाही. तो फक्त झडप जिथल्या तिथे ठेवतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. गाडी आणि मी मिळून २२० किलो. ताशी ६० किलोमीटरला हवेचा रेटा ढोबळमानाने १० किलो, टायरचा ३ किलो. इंजिन हे १३ किलो पेलतं आहे आणि वेग स्थिर आहे. आता शंभर मीटरला तीन मीटर असा चढ आला. डोळ्यांना तो जेमतेम कळतो, पण त्याने आणखी साडेसहा किलो वाढतात, म्हणजे ओझं दीडपट. झडप तेवढीच उघडी आहे, त्यामुळे गाडी मंदावते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला, तर हवेचा रेटा १० वरून १८ किलोवर जातो. उतारावर सगळं उलट. इंजिन मात्र स्वतःच थोडं सावरून घेतं. वेग जरा कमी झाला की प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा भरते आणि ओढ वाढते, म्हणून गाडी नव्या वेगाला स्थिरावते.

झडप जिथल्या तिथे ठेवण्याचा लॉकचा हा गुण क्लच दाबल्यावर उलटतो. लॉक लागलेला असताना क्लच ओढला तर इंजिनावरचं ओझं एकदम नाहीसं होतं, झडप उघडीच असते आणि इंजिन किंचाळत वर जातं. घाबरलेला माणूस अशा वेळी क्लच सोडतो आणि गाडी हिसका मारते. म्हणून पहिली हालचाल क्लचची नसावी, मूठ मागे पिळण्याची असावी. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. लॉक आठवण्यात गेलेला एक सेकंद म्हणजे एका लांब ट्रेलरएवढं अंतर.

मी लॉक बसवण्याआधी तीन गोष्टी केल्या. केबल गॅरेजमध्ये काढून तेल घातलं. वाळलेली, एके ठिकाणी दुमडलेली केबल स्प्रिंगच्या ओढीत स्वतःचं घर्षण मिसळते, आणि मूठ पिळताना ते आपल्याच मनगटाला सोसावं लागतं. मुठीवर जाड रबर चढवलं. व्यास ३२ वरून ३८ मिलिमीटर झाला, की लागणारा जोर सोळा टक्क्यांनी उतरतो. आणि ब्रेकचा दांडा थोडा खाली फिरवला, म्हणजे बोटं, मनगट आणि कोपर एका रेषेत आले. पंधरा दिवसांत कप उजव्या हातात परत आला. ठसठस राहिली, पण अर्ध्यावर.

उरलेल्या अर्ध्यासाठी लॉक आहे, आणि तो मी दिवसातून मोजून सात-आठ वेळा लावतो. जाताना बोगद्यात नाही, बोगदा संपल्यावरच्या वळणांत तर नाहीच. पावसात नाही, गावाजवळ नाही, पुढच्या गाडीशी दोनशे मीटरपेक्षा कमी अंतर असेल तेव्हा नाही. सरळ, कोरड्या, मोकळ्या पट्ट्यावर पंधरा-वीस सेकंद. हात मुठीवरून उचलत नाही. बोटं उघडून ब्रेकच्या दांड्यावर ठेवतो, मनगट सरळ करतो, खांदा खाली सोडतो. बोटांत ऊब येताना कळते. मग मूठ पुन्हा हातात घेतो. स्नायूला रक्त मिळायला तेवढा वेळ पुरतो, आणि पाच मिनिटं सलग लॉक लावून मनाला झोप आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रोज निघण्यापूर्वी इंजिन बंद असताना मी मूठ अर्धी पिळून लॉक लावतो आणि दोन बोटांनी मागे ढकलतो. सहज सरकली तर ठीक. मग लॉक सोडून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवतो आणि दोन्हीकडे मूठ पिळून सोडतो. संध्याकाळी शिरवळहून येताना खंडाळा मागे पडलं आणि घाट दिसू लागला, की आणखी एकदा. लॉक काढलेला आहे हे ठाऊक असलं, तरी मूठ क्षणभर सोडून स्प्रिंगचा तो बारीक ‘टक’ आवाज ऐकतो आणि मग गिअर उतरवतो.