कंपाऊंड सोसायटीचं की दोन्ही शेजाऱ्यांचं? भिंत पडल्यावर पैसे कुणी काढायचे

जुलैत झड लागली की कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. कंपाऊंडचा दहा-बारा फुटांचा तुकडा आडवा, आणि खाली शेजारच्यांची मोपेड. तळमजल्यावरचे म्हणतात, सोसायटीनं बघावं. चौथ्या मजल्यावरचे म्हणतात, भिंत शेजारच्यांनाही लागून आहे, निम्मे त्यांनी द्यावेत. आणि बंगल्यातले काका म्हणतात, "भिंत तुमची, गाडीचं काय ते तुम्हीच बघा की." भांडण खर्चाचं वाटतं, पण आधी ठरायला हवं ते वेगळंच: ही भिंत उभी कुणाच्या जागेत आहे?

सोसायटीची स्वतःची भिंत पूर्ण जाडीनिशी आपल्या हद्दीच्या आत असते. सामाईक भिंत दोन प्लॉटच्या रेषेवर असते आणि बहुतेक वेळा दोघांनी मिळून बांधलेली असते. दिसायला दोन्ही सारख्याच, तोच चिरा किंवा वीट, तोच उडालेला रंग.

भिंत स्वतःची असेल तर शेजाऱ्याकडे निम्मे मागण्यात अर्थ नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. अंतर्गत रस्ते, पाण्याच्या टाक्या, जिना, गच्ची यांच्या जोडीला कंपाऊंड वॉल त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे भिंत एखाद्याच्या बागेला लागून आहे म्हणून तळमजल्यावरच्या त्या एकाच सभासदाच्या माथी ती मारता येत नाही. त्यानं भिंतीला चिकटून पिंपळ वाढू दिला आणि मुळांनी भिंत फोडली, तर गोष्ट वेगळी.

सोसायटीचा खर्च म्हणजे सगळ्यांना सारखी वर्गणी, असंही धरून चालू नका. वॉचमन, झाडलोट ही सेवाशुल्कं समान वाटली जातात. दुरुस्ती निधी मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चावर ठरतो, वर्षाला किमान 0.75 टक्के, नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. त्यामुळे थ्री बीएचकेवाल्यानं वन बीएचकेवाल्यापेक्षा जास्त दिले तर ते नियमातच आहे. तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर घोषणापत्र, म्हणजे त्या कायद्याखाली इमारतीचा नोंदवलेला दस्त, उघडा. त्यात प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी असते आणि सामाईक खर्च त्या टक्केवारीनं वाटला जातो. कोल्हापुरात अशा इमारती भरपूर आहेत, आणि पाटीवर 'सोसायटी' असलं तरी नोंदणी भलतीच निघू शकते.

सामाईक भिंतीला हे उपविधी पुरत नाहीत, कारण शेजारचे काका तुमचे सभासद नाहीत. ऑस्ट्रेलियात आहे तसा, कुंपणाचा निम्मा खर्च शेजाऱ्याकडून मागण्यासाठीचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. इथं चालतं ते जुनं करारपत्र, खरेदीखतातला उल्लेख, नाहीतर समजुतीनं केलेला नवा लेखी करार. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दोन ठेकेदारांची कोटेशनं काकांना दाखवा आणि कोण किती देणार, भिंत पुढे कुणाची, हे पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या. त्यांना न विचारता सामाईक भिंत पाडली, तर निम्मे पैसे राहिले बाजूला, उलट त्यांचीच नोटीस यायची.

मग ओळखायचं कसं? आपल्याकडे सर्रास सांगतात की खांब ज्याच्या बाजूला, भिंत त्याची. त्यावर विसंबू नका. गवंड्याला ज्या बाजूनं काम सोपं पडलं तिथं त्यानं खांब काढलेले असतात. आधी मंजूर नकाशा आणि मालमत्ता पत्रक पाहा. तरीही वाद उरला तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीनंतर जी 'क' प्रत मिळते, तिच्यावर हद्दीची रेषा आणि जाग्यावरची वहिवाट दोन्ही दिसतात. भिंत रेषेच्या कुठल्या बाजूला पडते हे तिथं कळतं. मोजणीला काकांनाही नोटीस जाते, तेव्हा आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन कानावर घातलेलं बरं.

कागदावर न दिसणारी एक भानगड जागेवर असते, ती म्हणजे भराव. उताराच्या प्लॉटवर एक जण पार्किंग सपाट करायला तीन-चार फूट माती टाकतो, आणि साधं कंपाऊंड म्हणून बांधलेल्या भिंतीला धरभिंतीचं, म्हणजे माती अडवून धरायचं, काम करावं लागतं. पावसात माती भिजून फुगते, पाणी निघायला भिंतीत भोकं नसतात, मग भिंत पोट काढते आणि भरावाच्या उलट्या अंगाला कोसळते. अशी भिंत कुणाचीही असो, माझ्या मते भराव टाकणाऱ्यानं जास्त भार उचलावा. इंजिनिअरकडून कारणाचा लेखी अहवाल घेतलात तर बोलणीही त्याच पायावर होतात.

शेजारी जुना बंगला पाडून तळघराचा खड्डा खणला आणि तुमची भिंत खचली, तर मामला आणखी वेगळा. 1882 चा सुविधाधिकार कायदा शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मान्य करतो, पण तो मोकळ्या जमिनीपुरता. वर उभ्या भिंतीच्या वजनाबद्दल वाद होऊ शकतो. तिथं खणताना निष्काळजीपणा झाला का, हा मुद्दा धरावा लागतो. त्यासाठी खड्ड्याचे तारखेसह फोटो पहिल्या दिवसापासून काढून ठेवा.

आणि मोजणीत भिंत पूर्ण काकांच्या जागेत निघाली, तर त्यांच्यावर ती बांधायची सक्ती सहसा करता येत नाही. तिचे चिरे तुमच्या बाजूला पडून नुकसान झालं असेल, तर ते मागता येईल. आडोसा हवा असेल तर आपल्या हद्दीत, आपल्या पैशानं. ठराव करा आणि तोवर पत्रे लावून घ्या.