डाग नाही, मग ऑइल गेलं कुठं?

'गाडीखाली डाग नसेल तर ऑइल कमी होतच नाही. झालं असेल तर गॅरेजवाल्यानं कमी भरलंय', हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त वाटते, कारण गळती दिसते आणि जळणं दिसत नाही.

पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा तो खरवडून खाली आणतात, पण सगळा नाही. उरलेला इंधनाबरोबर जळतो. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले की तिथूनही थेंब उतरतात. शिवाय तापलेल्या ऑइलची वाफ ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून परत इंजिनात ओढली जाते. पेट्रोल गाडी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये सोडली, की आतली ओढ वाढते आणि ऑइलही जास्त खेचलं जातं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत 1000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो असं छापलेलं असतं. मला तो आकडा जरा सैलच वाटतो.

ऑइल बदलल्यावर गॅरेजमध्येच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची काडी बघा, म्हणजे शंकेला जागा नाही. पुढं दर 1000 किलोमीटरला सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काडी पुसून पुन्हा घाला आणि पातळी बघा. पातळी हळूहळू उतरत असेल तर ते जळणंच. सकाळी सुरू करताना निळसर धूर आला तर बहुधा सील. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आला तर रिंगा. पातळी काडीवरच्या खालच्या खुणेच्या खाली मात्र जाऊ देऊ नका.