लेटेस्ट म्हणजे नक्की कुठलं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत कास्टिंगचा (ओतीव मालाचा) बाहेरचा आकार पॅटर्नवरनं, म्हणजे वाळूत दाबायच्या नमुन्यावरनं येतो आणि आतली पोकळी कोअरनं, म्हणजे साच्यात वेगळा बसवायच्या ठोकळ्यानं होते. कोअर बसायची जागा पॅटर्नच वाळूत पाडतो, तिला कोअर प्रिंट म्हणतात. आता ड्रॉइंग बदललं, पॅटर्न नवा केला पण कोअर बॉक्स (कोअर बनवायचा साचा) जुनाच वापरला, तर कोअर बसतच नाही नाहीतर ढिला बसतो आणि एका बाजूची भिंत पातळ येते. दोन्ही वस्तू आपापल्या जागी बरोबर, पण जोडी चुकली की माल स्क्रॅप.

आमचंही तेच झालेलं. टिळकवाडीत चार जणांचं ऑफिस, बिलिंगचा प्रोग्राम एका गिट रेपोत (गिट म्हणजे कोडचा प्रत्येक बदल नोंदवणारा प्रोग्राम, रेपो म्हणजे त्याचं कोठार), वजनकाटा वाचणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना जोडायचा कोड, दुसऱ्या रेपोत, कारण ती आणि दोन प्रोग्रामना लागते. बिल्ड करताना (कोडचा चालता प्रोग्राम बनवताना) स्क्रिप्ट लायब्ररीचं मेन ब्रँच, म्हणजे कामाची मुख्य शाखा उचलायची, म्हणजे जे काय लेटेस्ट असेल ते. एक दिवस कुणीतरी लायब्ररीत किलोच्या जागी ग्रॅम द्यायला सुरू केलं आणि माझ्याकडं २५ किलोच्या मालाचं बिल २५,००० किलोचं निघालं! शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "मर्दा, माझ्याकडं बरोबर यालंय की." यायचंच, त्याच्या मशीनवर लायब्ररी जुनी होती.

गिट सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपोत दुसरा रेपो जोडायची सोय, याच्यासाठीच हाय. मुख्य रेपोत लायब्ररीच्या फाइली जात नाहीत, त्या फोल्डरच्या नावासमोर फक्त लायब्ररीच्या एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या एका अवस्थेचा) ४० अक्षरी हॅश, म्हणजे ओळखखूण, लिहिला जातो. ब्रँचचं नाव रोज पुढं सरकतं, हॅश सरकत नाही, कारण तो त्या कमिटच्या मजकुरावरनंच काढलेला असतो. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचा बिलिंगचा कमिट काढला तर त्या दिवशी त्याच्याबरोबर कुठली लायब्ररी चालत होती ते त्यातच लिहिलेलं. फौंड्रीत जॉब कार्डवर 'कोअर बॉक्स रेव्ह बी' (रिव्हिजन बी) लिहितात तसं.

पण याचा त्रासही हाय, आणि नवीन पोरं हमखास इथंच अडकतात. मुख्य रेपो पुल केला (सर्व्हरवरनं नवं उतरवलं) तरी सबमॉड्यूलचं फोल्डर आपोआप बदलत नाही, 'गिट सबमॉड्यूल अपडेट' द्यावं लागतं. ते न देता कुणी 'गिट अॅड डॉट' (सगळे बदल पुढच्या कमिटमध्ये घ्यायची कमांड) मारून कमिट केलं की जुना हॅश परत चढतो आणि लायब्ररी गुपचूप मागं जाते, डिफमध्ये (काय बदललं त्या यादीत) बदललेली दिसते एकच ओळ, कोण बघतंय. दुसरं म्हणजे लायब्ररीतला कमिट पुश करायला (सर्व्हरवर चढवायला) विसरायचं आणि मुख्य रेपो मात्र पुश करायचा, मग बाकीच्यांना असा हॅश मिळतो जो सर्व्हरवर नाहीच. पुश करताना 'रिकर्स सबमॉड्यूल्स'ला 'चेक' लावून ठेवलं तर गिट तिथंच अडवतं.

व्हर्जन नंबर आहेतच की, असं कुणी म्हणेल. २.४.१ मध्ये पहिला आकडा वाढला तर जुनं मोडणार, दुसरा वाढला तर नवीन काहीतरी आलंय, तिसरा म्हणजे दुरुस्ती. चांगली पद्धत हाय, पण तो लिहिणाऱ्यानं दिलेला शब्द झाला. आमच्या ग्रॅमवाल्यानं तिसराच आकडा वाढवलेला.

शेजारचा अजून म्हणतो, सगळं एकाच रेपोत घाल, गुगल आपला बहुतेक कोड तसाच ठेवतं. तिकडं अँड्रॉइडचे मात्र शेकडो गिट रेपो एका मॅनिफेस्ट फाइलनं (कुठले रेपो घ्यायचे त्या यादीनं) बांधलेत. आमचे तीन प्रोग्राम तीन गिऱ्हाइकांचे, एकाचा कोड दुसऱ्याला दाखवायचा नाही, म्हणून सबमॉड्यूल. नाहीतर त्याचं ऐकलंच असतं.