बिल्डच्या दोन वाटा: स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर

बिल्ड म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे; मेक ते करवून घेतो आणि ग्रेप दिलेला शब्द असलेल्या ओळीच गाळून दाखवतो. मधली उभी रेघ म्हणजे पाइप, एकाचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारा. पण ‘मेक | ग्रेप एरर’ अशी आज्ञा दिली, तरी पडद्यावर वॉर्निंगचा पूर तसाच वाहतो. ग्रेप बिघडलेला नसतो. तो मजकूर त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

पैठणच्या नाथसागरातून दोन कालवे निघतात: डावा जालना-परभणीकडे, उजवा बीडकडे. एकाचे दार बंद केले म्हणून दुसऱ्याचे पाणी थांबत नाही. लिनक्सवरच्या प्रोग्रॅमलाही बाहेर पडायला अशाच दोन वाटा असतात. १ नंबर स्टँडर्ड आउटपुट, २ नंबर स्टँडर्ड एरर. टर्मिनलवर दोन्ही एकाच पडद्यावर येतात, म्हणून गल्लत होते. मेक ज्या आज्ञा चालवतो त्या १ वर छापतो; जीसीसी या कंपायलरच्या वॉर्निंग आणि एरर २ वर येतात. पाइप मात्र १ नंबरच पुढे नेतो.

म्हणून सी किंवा सी++ च्या बिल्डमध्ये १ नंबर /डेव्ह/नलकडे (आलेले सगळे गिळून टाकणाऱ्या फाइलकडे) वळवला की पडद्यावर कामाचेच उरते. हा उपाय डोळे झाकून सगळीकडे लावू नका. जावाचे बिल्ड करणारा मेव्हन आपल्या एररसुद्धा १ वरच छापतो. तिथे १ फेकला तर चूकच दिसणार नाही. त्याच्यासाठी फक्त एरर दाखवणारा ‘-क्यू’ वापरा.

दोन्ही वाटा फाइलमध्ये हव्या असतील तर ‘मेक > बिल्ड.लॉग 2>&1’. शेवटचा भाग ‘२ ला १ च्या वाटेने पाठव’ असे सांगतो. क्रम उलटा केलात तर फसाल: शेल (आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) डावीकडून उजवीकडे वाचते, त्यामुळे ‘2>&1’ आधी आले की २ नंबर तेव्हा १ जिथे होता तिथे, म्हणजे पडद्यावरच, जातो.

पाइपात घातल्यावर रंग उडतात, कारण समोर टर्मिनल नाही हे जीसीसी ओळखतो. ‘-एफडायग्नॉस्टिक्स-कलर=ऑलवेज’ द्या आणि ‘लेस -आर’ने वाचा; हा आर मोठ्या लिपीतला. नुसत्या ग्रेपने एररखालची कोडची ओळ आणि बाण गळून पडतात. मोठ्या ए चा ‘-ए 3’ जोडला की पुढच्या तीन ओळीही मिळतात. वाचायला सुरुवात मात्र पहिल्या एररपासूनच करा. खालच्या पुष्कळशा तिच्याच पोटी आलेल्या असतात.

‘-जे8’ने, म्हणजे एका वेळी आठ कामे चालवून, समांतर बिल्ड करताना वेगवेगळ्या फाइलींच्या ओळी एकमेकींत घुसतात. जीएनयू मेक ४.० पासून (२०१३) मोठ्या ओ चा ‘-ओ’ प्रत्येक टार्गेटचा (बनवायच्या फाइलचा) मजकूर एकत्र ठेवतो. लहान ओ चा अर्थ अगदी वेगळा आहे, तो देऊ नका.

आणि ‘मेक 2>&1 | टी बिल्ड.लॉग’ लिहिलेत, तर बिल्ड पडले तरी शेलला टीचे (मजकूर पडद्यावर आणि फाइलमध्येही पाठवणाऱ्या आज्ञेचे) यशच कळते. बॅश या शेलमध्ये आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ करा, म्हणजे मेकचे अपयशही कळेल. इथला ओ लहान.